रेडा, ग्लेनिस आणि मी

१३ जुलै २०२०, सोमवार. डार्विन, ऑस्ट्रेलिया.

रोजनिशी लिहायचा प्रयत्न याआधी एकदाच केला होता, सातवीत. अकरा दिवस टिकला. आता त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा सुरू करतोय, कारण आज ऑफिसात मी हात वर केला आणि का केला ते बायकोला, विनीताला, नीट सांगता आलं नाही. लिहून बघतो.

आमचं काम सांगायला सोपं आहे. शहरापासून दोन तासांवर एक बंद पडलेली खाण आहे. तिच्या खालच्या ओढ्याचं पाणी दर आठवड्याला बाटल्यांत भरायचं आणि तपासायला पाठवायचं. गाडी थांबते तिथून पुढे चार किलोमीटर रानातून पायी जायचं. या कामावर आम्ही तिघं. मी पाण्याचा माणूस. ग्लेनिस झाडाझुडपांची आणि माशांची जाणकार, वय एकसष्ट, या रानात तीस वर्षं फिरलेली. तिसरा वेन. वेन बंदूक घेऊन नुसता उभा राहतो, कारण ओढ्यात मगरी आहेत, झाडीत रानडुकरं आणि जंगली रेडे आहेत, आणि शस्त्रधारी माणूस बरोबर असल्याशिवाय रानात पाऊल टाकायचं नाही असा कंपनीचा नियम आहे.

वेन जूनमध्ये आजारी आईला बघायला मेलबर्नला गेला आणि लॉकडाऊनमुळे तिथेच अडकला. आज आमचा सेफ्टी मॅनेजर ब्रेट म्हणाला, दुसरं कोणी शस्त्राचा परवाना काढायला तयार नसेल तर ओढ्याचं काम गुंडाळावं लागेल. ग्लेनिस म्हणाली, "मी नाही." मग ब्रेटने सगळ्यांकडे बघितलं आणि मी हात वर केला.

कारण उघड आहे. माझा व्हिसा या नोकरीच्या खुंटीला टांगलेला आहे. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा, आणि या वर्षी दुसरी कोण देतंय? पुढच्या सप्टेंबरपर्यंत टिकलो तर कायम राहण्यासाठी कंपनी आमची नावं पाठवणार आहे. आमची मुलगी उर्वी तोपर्यंत आठवीत असेल. चौदा महिने काढायचे आहेत.

विनीता म्हणाली, "तुला पाल मारता येत नाही, गुरू."

मी म्हणालो, मारायचं नाहीये, नुसतं जवळ बाळगायचं आहे. तिने भाजी ढवळली.

२ ऑगस्ट, रविवार

दोन शनिवार-रविवार नेमबाजीच्या रेंजवर गेले. रायफल घेतली की दोन्ही हात अडकतात आणि मला तर पंप, मीटर, बाटल्या सगळंच उचलायचं असतं. म्हणून कंपनीने आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर मंजूर केलंय. छातीवरच्या चामडी पट्ट्यात बसतं. सगळं मिळून वीतभर लांब, पण नळीचं तोंड करंगळी जाईल एवढं. गोळ्या फक्त पाच. उडवलं की हात स्वतःहून कपाळाकडे येतो. पहिल्या दिवशी माझा चष्मा पडला.

नियम चार. प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं समजा. जे मारायचं नाही त्याच्यावर नळी रोखू नका. नेम धरेपर्यंत चापावर बोट नको. नेमाच्या अलीकडे-पलीकडे काय आहे ते बघा. मी ते मराठीत करून तेराच्या पाढ्याच्या चालीवर पाठ केले. परीक्षेत शंभरापैकी बासष्ट मिळाले. पास व्हायला साठ लागतात. इंजिनिअरिंगलाही मला असेच मिळायचे आणि तरी मी इथवर आलो.

अण्णांना फोनवर सांगितलं. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं होते. त्यांनी आधी गोळीचा आकार विचारला. मग म्हणाले, "मी आयुष्यभर गोळ्या केल्या. एक उडवली नाही. तूही नको उडवूस."

पुण्यात काल करोनाचे किती रुग्ण निघाले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझी बहीण शुभदा वरच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे मला झोप लागते.

२५ ऑगस्ट, मंगळवार

पहिली फेरी झाली. कंपनीच्या डेपोतला स्टोअरकीपर केव्हिन याच्याकडून सही करून शस्त्र घ्यायचं आणि परत आल्यावर त्याच्याकडे सही करून द्यायचं. घरी आणायला सक्त बंदी आहे. केव्हिन चौसष्ट वर्षांचा आहे, बावीस वर्षं त्याच खोलीत बसतो आणि जानेवारीत निवृत्त होणार आहे. शस्त्र साफ करणं, तेलपाणी, तपासणी, सगळं तोच करतो. माझ्या छातीवरचा पट्टा त्याने स्वतः घट्ट केला आणि म्हणाला, "नो वरीज, मेट. याचा उपयोग बहुतेक कधीच होत नाही."

काही घडलं नाही. दोन मगरी दिसल्या, दोन्ही झोपलेल्या.

१५ सप्टेंबर, मंगळवार

चौथी फेरी. मी आता सरावलोय. पेपरबार्कच्या रानात सकाळी सातला ऊन तिरकं येतं, झाडांच्या साली सुटून लोंबत असतात, आणि छातीवर सव्वा किलो वजन असलं की माणूस आपोआप ताठ चालतो. विनीता म्हणते, मी घरातही तसाच चालायला लागलोय. काल दूध आणायला दुकानात गेलो तेव्हा लोक वाट देत आहेत असं मला वाटलं. दीड मीटर अंतराचा नियम आहे म्हणून देत असतील, असं विनीताचं म्हणणं.

ग्लेनिस त्याला 'तुझा तो ठोकळा' म्हणते. आम्ही दोघं असं काम करतो: ती ओढ्याच्या काठाशी वाकून पाण्यात नळी सोडते, मी मागे पंपापाशी थांबतो आणि बाटल्या भरतो. वेन म्हणे नेहमी काठावर पलीकडच्या अंगाला, मोकळ्या खडकावर जाऊन उभा राहायचा. ग्लेनिसने मलाही तिथे उभं राहायला दोनदा सांगितलं. पण तो खडक उन्हात आहे आणि पंपाची नळी तिथवर पोचत नाही. शिवाय मागे राहिलं की सगळं समोर दिसतं, ती पण आणि ओढा पण. तिला बहुधा मोकळं मोकळं काम करायची सवय आहे.

१० ऑक्टोबर, शनिवार

पावसाआधीचे दिवस. आभाळ रोज संध्याकाळी भरून येतं, विजा चमकतात आणि एक थेंब पडत नाही. इथले लोक या दिवसांत भांडतात. आम्हीही एसीच्या आकड्यावरून भांडलो.

उर्वीने विचारलं, "हॅव यू शॉट एनीथिंग यट?" मी नाही म्हणालो. "गुड," ती म्हणाली आणि कानात परत इअरफोन घातले.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

परवा दसरा. नवरात्रात अण्णांच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची आणि लहानपणी आम्हाला एकदा आत नेलं होतं. प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ, साहेबांच्या कपाळाला गंध. घरी आम्ही सुरी, कात्री, आईचं शिवणयंत्र आणि माझा कंपास मांडायचो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे खरोखरचं शस्त्र आहे आणि त्याची पूजा करायची नाही हे मनाला पटेना. शनिवार-रविवार डेपो बंद म्हणून आजच उरकली. देव एवढं समजून घेत असावा.

केव्हिनला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे हत्याराला थँक यू म्हणायचं?" म्हटलं, तसंच. त्याला ते पसंत पडलं. त्याने रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं, रिकामं आहे हे दाखवायला गोळ्यांचं चक्र बाजूला उघडलं आणि तसंच उघडं, पांढऱ्या फडक्यावर ठेवलं. बाहेर असेपर्यंत उघडंच ठेवायचं हा त्याचा नियम आहे. मी मुठीला ओल्या कुंकवाचं गंध लावलं, शेजारच्यांच्या कुंपणावरचं जास्वंद वाहिलं, घरून पुडीत आणलेल्या कुंकवाच्या अक्षता टाकल्या, उदबत्ती मात्र लावली नाही कारण स्मोक अलार्म आहे. केव्हिनलाही गंध लावलं. त्याने विचारलं, "मला काही म्हणावं लागेल का?" नमस्कार कर म्हटलं. त्याने सॅल्यूट ठोकला.

मग त्याने फूल उचललं, फडक्याने सगळं पुसलं आणि शस्त्र तिजोरीत गेलं. पेढे मिळाले नाहीत म्हणून आम्ही दोघांनी चॉकलेट बिस्किटं खाल्ली. मन भरून आलं होतं. परदेशात सहा वर्षांत इतकं आपलं काही मी पहिल्यांदाच केलं.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

आज घडलं ते क्रमाने लिहितो. 

सकाळी गोळ्या भरताना चक्र बंद व्हायला जरा जड गेलं. अंगठ्याने दाबल्यावर बसलं. चक्र फिरतंय का ते बघून घ्यायचं असतं, पण केव्हिनची सही होती, आणि उशीर झाला होता.

नमुन्याच्या तिसऱ्या जागेवर ग्लेनिस माझ्या पुढे आठ-नऊ पावलांवर, काठाशी वाकलेली. मी पंपापाशी. पलीकडची झाडी हलली आणि रेडा बाहेर आला. इथले रेडे आपल्याकडच्यासारखे नसतात. शिंगं माझ्या पसरलेल्या हातांहून लांब होती. यमराज याच्यावरच का बसतात ते कळलं. तो आमच्या दिशेने पाच-सहा पावलं धावत आला आणि थांबला, मान खाली.

मी सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. पाय रोवले. दोन्ही हातांनी मूठ धरली. रेड्याच्या कपाळावर नेम धरला. चाप ओढला.

चाप हलला नाही. पुन्हा ओढला. पुन्हा. तीनदा.

तेवढ्यात ग्लेनिस सरळ उभी राहिली आणि रेड्याकडे पाठ करून माझ्याकडे वळली. भीतीने तिचं भान सुटलं असावं. "डोंट," ती म्हणाली, फार हळू. रेड्याला उद्देशून, असं मला वाटलं. मी अजून चाप ओढतच होतो. रेड्याने जोरात श्वास सोडला, आमच्यात काही राम नाही असं ठरवलं आणि ओढा सोडून वर निघून गेला.

ग्लेनिस काठावर बसली. बराच वेळ बसली. मग मला म्हणाली, "ते पेटीत ठेव आणि कुलूप लाव. किल्ल्या मला दे." गाडीही तीच चालवत आली. दोन तासांत एक शब्द बोलली नाही. तिला संताप आला असणार, आणि तो साहजिक आहे. केव्हिनने नीट तपासलं नसणार. जिवावर बेतलं होतं.

विनीताला सांगितलं. तिने माझं डोकं पोटाशी धरलं. मी रडलो.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

ग्लेनिसने पाठदुखीची रजा टाकलीय. एवढ्या बाटल्या वाकून भरायच्या म्हणजे पाठ जाणारच. फोन केला, उचलला नाही.

३ नोव्हेंबर, मंगळवार

शस्त्र ज्याच्याकडे तपासायला दिलं होतं त्याचा अहवाल आला. ब्रेटने मोठ्याने वाचला. चक्राच्या मागे, गोळ्या बाहेर ढकलणारी जी चांदणीसारखी पट्टी असते, तिच्याखाली 'एक कण, वनस्पतिजन्य, लाल रंगाचा' अडकला होता. त्यामुळे चक्र फिरेना, आणि चक्र फिरल्याशिवाय चाप हलत नाही. ब्रेटच्या मते गवताचं बी. वर्षभर नीट साफ न केल्याचा पुरावा.

मला समोर कागदावर टेपने चिकटवलेला तो कण दिसत होता. ती तांदळाची कणी होती. विनीता तुकडा बासमती आणते.

केव्हिन ब्रेटच्या शेजारी बसला होता. अकरा दिवसांपूर्वी त्याच्या कपाळाला गंध होतं. पण त्याला आठवलं नसावं, कारण ब्रेटने विचारलं, "काही सांगायचं आहे?" तेव्हा तो एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, "नाही. साफसफाई माझं काम आहे." त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

मी काही बोललो नाही. इथे तरी खरं लिहितो: बोलायला तोंड उघडलं होतं. मग मनात हिशेब झाला. शस्त्रात मी कचरा घातला म्हटल्यावर परवाना जाणार, परवान्याबरोबर काम, कामाबरोबर व्हिसा. तोंड मिटलं. वय झालं की माणसं विसरतात, केव्हिनही विसरला, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो.

८ नोव्हेंबर, रविवार

विनीताला कणीचं सांगितलं. ती म्हणाली, "अरे देवा." मग तिने तांदळाचा डबा उघडून बघितला, जणू तिथे काही उत्तर होतं. मग म्हणाली, "केव्हिनला माहीत आहे."

मी म्हणालो, तो विसरलाय.

"गुरू, चौसष्ट वर्षांच्या ऑस्ट्रेलियन माणसाला कोणी आयुष्यात एकदा गंध लावलं तर तो दहा दिवसांत विसरेल?"

यावर मी विचार केलेला नाही.

१४ नोव्हेंबर, शनिवार. लक्ष्मीपूजन.

संध्याकाळी अण्णांचा व्हिडिओ कॉल. शुभदाने अंगणात पणत्या दाखवल्या. मी ठरवलं नव्हतं, पण सगळं सांगून टाकलं. अण्णा हसायला लागले. शुभदा घाबरून पाणी घेऊन आली, इतके हसले.

"अक्षता यंत्रावर कोण टाकतं रे? यंत्रापुढं पाट मांडायचा, अक्षता पाटावर. यंत्राला लांबून फूल. एकदा एकाने टाकल्या होत्या, सुपरवायझरने सगळ्यांसमोर सालटं काढलं त्याचं. तुला कोणी शिकवलं?"

कोणी नाही. मी लांबून बघितलं होतं, तेही आठ वर्षांचा असताना.

मग अण्णांनी डोळे पुसले आणि विचारलं, "आणि तो माणूस? पूजेला उभा होता तो. त्याचं काय झालं?"

मी म्हणालो, घरी बसवलंय.

 अण्णांनी फोन शुभदाकडे दिला. शुभदा फराळाबद्दल बोलत राहिली आणि मला लाज वाटत राहिली. एवढी लाज मला कधीच वाटली नव्हती.

१६ नोव्हेंबर, सोमवार

विनीता म्हणाली, "तू सांगून ये. साठ दिवस तर साठ दिवस. आपण काही उपाशी मरणार नाही." तिच्या आवाजात धीर होता. पण मग ती आंघोळीला गेली आणि नळ फार वेळ चालू राहिला.

उद्या फॉर्म भरतो. घटनेचा फॉर्म मी अर्धवटच दिला होता, 'शस्त्र चाललं नाही' एवढंच लिहून. आता पूर्ण लिहायचा. पूजा, अक्षता, केव्हिनचा दोष नाही, सगळं. इंग्रजीत अक्षतांना काय म्हणावं यावर अर्धा तास गेला. 'शुभ तांदूळ' असं काहीतरी लिहिलं. वाचून ब्रेटला काय वाटेल याची आता पर्वा करायची नाही असं ठरवलं आहे. करतोय अजून थोडी.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

फॉर्मच्या चौथ्या पानावर चौकोन आहे. घटनेच्या वेळी प्रत्येकजण कुठे होता त्याची आकृती काढा. मला आकृत्या येतात. अंदाजाने काढणं जिवावर आलं म्हणून त्या दिवसाच्या जीपीएसच्या नोंदी काढल्या. नमुना घेण्याची जागा, म्हणजे ग्लेनिस. पंपाची जागा, म्हणजे मी. रेड्याच्या खुरांचे ठसे मी नंतर मोजून ठेवले होते, सवयीने. पट्टी घेतली, प्रमाण ठरवलं, एक सेंटिमीटरला एक मीटर. तीन टिंबं मांडली. मग नेमाची रेघ दाखवायची म्हणून पहिल्या टिंबापासून तिसऱ्यापर्यंत पट्टी लावली.

रेघ दुसऱ्या टिंबातून गेली.

मी पट्टी पुन्हा लावली. नोंदी पुन्हा तपासल्या. ग्लेनिस वाकलेली होती, तोवर गोळी कदाचित वरून गेली असती. पण मग ती उभी राहिली. उभी राहिली तेव्हाही मी चाप ओढत होतो. शेवटचा ओढला तेव्हा ती माझ्याकडे तोंड करून उभी होती.

दुपारचे चार वाजलेत. ऑफिसात मी एकटा आहे.

१८ नोव्हेंबर, बुधवार

ग्लेनिसकडे गेलो. ती गावाबाहेर आंब्यांच्या झाडांत राहते. दारातच बसली होती, पाठ ताठ, दुखत असल्यासारखी वाटली नाही. साक्षीदार म्हणून तिची सही हवी होती. मी कागद पुढे केला आणि विचारलं, "तू नक्की इथेच होतीस का?"

तिने आकृती बघितली. "तू काढलंयस तिथेच."

"तू रेड्याकडे पाठ का केलीस?"

"कारण मला तुझी भीती वाटली," ती म्हणाली. "रेडा थांबला होता, गुरू. ते असेच येतात आणि थांबतात. मी मागे बघितलं तर त्या नळीचं तोंड माझ्याकडे होतं आणि तू ओढत होतास. मला तुझं बोट दिसत होतं."

मी विचारलं, तीन आठवडे बोलली का नाहीस?

"मला वाटलं तुला माहीत आहे. माहीत असून तू गप्प आहेस, असं वाटलं. मग मी काय बोलणार? बोलले असते तर तुझ्या मुलीला शाळा सोडावी लागली असती." ती आंब्याकडे बघत होती. "मला झोप येत नाही. डोळे मिटले की ते गोल तोंड दिसतं."

तिने सही केली. मी थँक यू म्हणालो आणि निघालो. फाटकापाशी आल्यावर काहीतरी राहिलंय असं वाटत होतं, पण काय ते समजेना. गाडीत बसलो.

वाटेत केव्हिनच्या घरी थांबलो. तो बोटीला रंग देत होता. मी उद्या ब्रेटला सगळं लिहून देणार आहे म्हटल्यावर तो चिडला. "मला जानेवारीत जायचंच होतं. तू कशाला मध्ये पडतोस?" मी म्हणालो, तांदूळ माझा होता. तो म्हणाला, "चक्र उघडं मी ठेवलं होतं." आम्ही त्यावर थोडा वेळ वाद घातला. शेवटी त्याने मला एक ब्रश दिला आणि आम्ही बोटीची एक बाजू रंगवली.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

ब्रेटने सगळी पानं वाचली. पूजेच्या पानावर त्याची भुवई वर गेली, पण हसला नाही. आकृतीवर बराच थांबला. "ही रेघ दाखवलीच पाहिजे असं नाही, मेट. फॉर्म फक्त जागा विचारतो. रेघ नसेल तर मी यातून तुला बहुतेक वाचवू शकेन."

मी म्हणालो, रेघ राहू दे.

त्याने कागद पर्थच्या मुख्य ऑफिसला पाठवले.

१ डिसेंबर, मंगळवार

उत्तर आलं. केव्हिनला कामावर परत घेतलं, ताकीद देऊन. माझा शस्त्राचा अधिकार रद्द. पावसाळ्यानंतरच्या कामात माझी जागा नाही, नोकरी अठरा डिसेंबरपर्यंत. पुढचे साठ दिवस फेब्रुवारीच्या मध्याला संपतात. मेल सभ्य आहे, शेवटी शुभेच्छाही आहेत.

मेलबर्नहून येणाऱ्यांवरची बंदी काल उठली. वेन परवा परत येतोय.

जेवताना उर्वीला सांगावं लागलं. विनीताला वाटत होतं नुसतं 'नोकरी संपली' म्हणावं. पण उर्वी बारा वर्षांची आहे, तिची शाळा जातेय, तिला खरं कारण कळायला हवं असं मला वाटलं. मी सांगितलं, माझ्या हातून एक माणूस मरणार होता.

"द लेडी विथ द मँगोज?"

हो.

"बाय मिस्टेक?"

हो, चुकून.

तिने घास चावून संपवला. मग विचारलं, "डिड यू से सॉरी?"

 मी फॉर्म भरला होता. सही घेतली होती. आकृती प्रमाणात काढली होती. थँक यू सुद्धा म्हणालो होतो.

पानावरून उठलो, हात धुतले आणि मागच्या अंगणात जाऊन फोन लावला. या वेळी ग्लेनिसने उचलला. मी काही तयारी केली नव्हती. सॉरी म्हणालो. मी तुला मारणार होतो आणि मला ते कळलंसुद्धा नाही, असं म्हणालो. इंग्रजी नीट आलं नाही.  मग ती रडतेय असं लक्षात आलं, आणि मी तसाच उभा राहिलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

थोड्या वेळाने तिने नाक ओढलं. म्हणाली, पाऊस लागायच्या आत ओढ्याची शेवटची फेरी राहिलीय. वेन आला की सोमवारी जाऊ. साडेपाचला डेपोवर ये, पाणी जास्त आण. त्या वाटेवर पाणकणीस फार वाढलंय, एकामागे एकच चालता येईल.

"कोण कुठे चालायचं?" मी विचारलं.

"वेन पुढे," ती म्हणाली. "मग मी. तू माझ्या मागे."

मी खात्री करून घेतली. तुझ्या मागे?

"हो. चालशील ना?"

मी हो म्हणालो.